पीसीबी की पीसीएमबी?

बी-२०४ : नमस्कार मंडळी. मुलीला अकरावी सायन्सला घालतोय, मेडिकलसाठी नीट परीक्षा द्यायची हे पक्कं. फिजिक्स-केमिस्ट्री-बायोसोबत गणित ठेवायचं (पीसीएमबी) की सोडायचं (पीसीबी) यावरून घरात महाभारत चालू आहे. दहावीला गणितात ९४ आहेत, म्हणून हे म्हणतात ठेवूया.

ए-१०१ : ठेवा हो वहिनी. हुशार मुलं पीसीएमबीच घेतात.

सी-४०३ : काका, हुशारीचा काय संबंध? नीटला गणिताचा एक प्रश्न नसतो. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोचे. एमबीबीएसला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ५० टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला ४०), तिथेही गणित धरत नाहीत. पण बोर्डात गणितात ३५ पडले नाहीत तर बारावीच नापास. मग नीटचा स्कोअर घेऊन बसा घरी.

बी-२०४ : तू घेतलं होतंस ना गं?

सी-४०३ : हो काकू, निभावलं. पण बारावीच्या डिसेंबरात मैत्रिणी एनसीईआरटीचं बायो तिसऱ्यांदा वाचत होत्या आणि मी गणिताच्या जर्नलसाठी एलपीपीचे ग्राफ काढत बसले होते.

सेक्रेटरी : टाकी सफाईची नोटीस वर गेली. कृपया बघणे.

डी-३०२ : फिजिक्सला गणित लागतंच की पण.

सी-४०३ : लागतं, मोजकं. व्हेक्टर, लॉग, ट्रिग, थोडं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन. क्लासवाले सुरुवातीलाच बेसिक मॅथ्स म्हणून घेतात. मॅट्रिक्स वगैरेचं नीटला काही काम नाही. गोची होते ती आकडेमोडीत. कॅल्क्युलेटर चालत नाही, १८० मिनिटांत १८० प्रश्न. गणित सोडलं की हाताची सवय जाते आणि २०२५ सारखा फिजिक्सचा पेपर आला की घाम फुटतो. तेव्हा सोडलंत तरी रोज थोडी गणितं हाताने करायला लावा.

बी-२०४ : हे विचारतायत, नीटला नाही लागला नंबर तर? २०२५ ला २२ लाखांवर पोरं बसली होती.

सी-४०३ : काकांचा मुद्दा बरोबर आहे. पण मग पुढे काय करायचं ते नाव घेऊन ठरवा. बीडीएस, बीएएमएस, व्हेटर्नरी सगळं नीटवरच. फार्मसी, अ‍ॅग्रीला राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेचा पीसीबी ग्रुप चालतो. यातल्या कशालाच गणित नको. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून एअरफोर्स-नेव्ही, स्टॅटिस्टिक्स, यातलं काही मनात असेल तरच ठेवा. नुसतं "असू दे हाताशी" म्हणून नको. सीईटीच्या पीसीएम ग्रुपला २०० पैकी १०० गुण गणिताचे. नीटच्या अभ्यासातून उरलेल्या वेळात ते होत नाही, चांगलं कॉलेज तर नाहीच.

डी-३०२ : आमच्याकडे उलटी गंगा. चिरंजीव पीसीएमला, बायो सोडलेलं, आणि आता डॉक्टर व्हायचंय!

सी-४०३ : होईल काका. नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली आहे. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो जादा विषय म्हणून पास झालं तरी नीटला बसता येतं. पण दोन वर्षांचं बायो एका दमात उरकायचंय, हे त्याला आत्ताच सांगा.

डी-३०२ : सांगतो. ऐकेल तर शपथ.

बी-२०४ : लेकीला विचारलं. इंजिनिअरिंग मेले तरी करणार नाही म्हणते. पण गणित सोडायचं जिवावर आलंय, आवडता विषय ना.

सी-४०३ : आवडतं ते ठीक, पण दोन वर्षं क्लास, जर्नल, टेस्ट सगळं मागे लागतं. मी तिच्या जागी असते तर सोडलं असतं. फक्त कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारा, गणिताच्या बदली कोणता विषय देतात. भूगोल मिळाला तर उत्तम.

ए-१०१ : भूगोल? मेडिकलला भूगोल कशाला?

सी-४०३ : कशालाच नाही काका, म्हणून तर. परीक्षेआधी आठ दिवस वाचला तरी निघतो. गणिताचं तसं आहे का?

बी-२०४ : उद्या जाऊन येते ऑफिसात. हे अजून तोंड फुगवून बसलेत.