मदत हवी आहे : ४० मिनिटांचा तास ८० मिनिटांचा झाला, मुलांचं लक्ष कसं टिकवू?

कोरा_फळा
नववीला गणित शिकवते. यंदा आमचं वेळापत्रक बदललं. आधी आठवड्याचे सहाही दिवस ४० मिनिटांची तासिका असायची, आता दिवसाआड ८० मिनिटांची जोडतासिका. एकूण वेळ तेवढाच. दर तासाला हजेरी, वह्या काढणं, काल कुठे थांबलो होतो ते आठवणं यात जाणारी मिनिटं वाचतील, असं आम्हाला सांगण्यात आलं. कागदावर हिशेब चोख आहे.

वर्गात मात्र पहिला अर्धा तास बरा जातो, आणि मग वर्ग हळूहळू माझ्या हातातून निसटतो. पेनं उघडून रिफिली तपासल्या जातात, पाण्याच्या बाटल्या फिरू लागतात. दंगा नसतो, दंगा परवडला असता. "कळलं का?" विचारलं की एका सुरात "हो" येतं आणि पुढचंच उदाहरण कुणाला सुटत नाही.

एका प्रशिक्षणात ऐकलं की माणसाचं लक्ष १०-१५ मिनिटंच टिकतं. दुसऱ्या एका वक्त्याने तर ८ सेकंदांवर आणलं, गोल्डफिशपेक्षा कमी! यात खरं काय? आणि तासिका जोडलेलीच राहणार असेल तर ८० मिनिटं कशी वापरायची? शनिवारी शिक्षक सभा आहे, तिथे जुनं वेळापत्रक परत मागावं का, हेही ठरत नाहीये.

जुनी_घंटा
मॅडम, मी विज्ञान शिकवून निवृत्त झालो. प्रात्यक्षिकाची जोडतासिका आम्हाला कायम असायची, आणि घंटा झाली तरी मुलं टेबल सोडायची नाहीत. तीच मुलं, तेवढाच वेळ. तेव्हा नुसती मिनिटं मोजू नका.

एक करा. तुम्ही न थांबता किती वेळ बोलता ते घड्याळ लावून बघा. अंदाज नको. मला वाटायचं मी फार तर १५ मिनिटं बोलतो. एका विद्यार्थ्याला गुपचूप वेळ लावायला सांगितलं, ३२ निघाली.

अर्धविराम
गोल्डफिशचं सोडून द्या, त्या आकड्यामागे धड मोजमापच नाही. १०-१५ मिनिटांचा नियमही वाटतो तितका पक्का नाही. विल्सन आणि कॉर्न यांनी २००७ मध्ये त्यामागचे जुने अभ्यास तपासले आणि आधार फार कच्चा निघाला. काही अभ्यासांत विद्यार्थी किती टिपणं काढतात यावरून लक्ष मोजलं होतं. पण टिपणं कमी झाली म्हणजे लक्ष उडालं असंच नाही. त्या वेळी शिक्षक लिहून घेण्यासारखं काही बोलतच नसतील!

मला पटलेला अभ्यास बन्स आणि सहकाऱ्यांचा, २०१० मधला. रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हातात क्लिकर दिले आणि लक्ष उडालं की बटण दाबायला सांगितलं. लक्ष एकदा गेलं की गेलं, असं दिसलं नाही. ते सतत जातं आणि परत येतं, बहुतेक वेळा मिनिटभरासाठी किंवा त्याहून कमी. प्रयोग दाखवताना आणि प्रश्न सोडवायला दिल्यावर ते कमी वेळा उडालं, आणि त्यानंतरच्या व्याख्यानातही परिणाम थोडा टिकला. म्हणजे मध्येच दिलेलं उदाहरण त्यानंतरच्या बोलण्यालाही उपयोगी पडतं.

अर्ध्या तासानंतरची घसरण मात्र कल्पनेतली नाही. मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये माणसांना दोन तास घड्याळासारख्या तबकडीवरच्या एका काट्याकडे बघत बसवलं. काटा अधूनमधून दुप्पट उडी मारायचा, ती पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडली. पण ते काम काय होतं बघा : बघत राहायचं, स्वतः काही करायचं नाही. फळ्यावर दुसरं कुणी उदाहरण सोडवतंय आणि आपण उतरवून घेतोय, हे त्याच्या फार जवळचं आहे.

मागचा_बाक
मी अकरावीत आहे. "हो" का म्हणतो सांगू? "नाही" म्हटलं की तेच परत, त्याच शब्दांत, फक्त जरा मोठ्या आवाजात.

आणि मध्ये सुट्टी देणार असाल तर मोबाइल हातात येईल अशी देऊ नका, परत यायला फार वेळ लागतो. उभं राहायला, खिडकीपाशी जायला सांगितलं तर चालतं.

कोरा_फळा
@मागचा_बाक, हे लागलं. पण बरोबर आहे.

@जुनी_घंटा सर, घड्याळ लावलं. सोमवारी सलग २७ मिनिटं. बुधवारी मुद्दाम सांभाळून बोलले तरी २१. आणि मजा म्हणजे वर्ग निसटायच्या आधी मीच थकलेली असते. आवाज सपाट होतो, सगळं फळ्याकडे तोंड करून चालतं.

दिवसाआड
पालक म्हणून बोलते. लक्षाचं तुम्ही बघाल, मला भीती वेगळी आहे. जोडतासिकेच्या दिवशी मूल आजारी पडलं की दोन तासांचं गणित बुडतं. शिवाय मधल्या दिवशी घरी गणिताची वही उघडलीच जात नाही.

अर्धविराम
ताई, हा मुद्दा लक्षापेक्षाही वजनदार आहे. थोडं थोडं, अंतर ठेवून केलेला अभ्यास एका बैठकीत उरकलेल्या अभ्यासापेक्षा जास्त टिकतो, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडलं होतं. गणितासारख्या रोजच्या सरावाच्या विषयाला दिवसाआडची जोडतासिका त्या बाजूनेही जड जाते. सभेत बोलायचंच असेल तर यावर बोला. "मुलं कंटाळतात" म्हटलं की उत्तर तयार असतं : मग तुम्ही रंजक शिकवा.

आणि शिकवताना मध्ये मध्ये छोट्या चाचण्या घेण्याबद्दल सांगायचं राहिलंच. स्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या व्हिडिओ व्याख्यानाचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी झाली त्यांचं मन बरंच कमी भटकलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटी त्यांना जास्त आठवलं. गुण द्यायची गरज नाही, दोन ओळींचा प्रश्न पुरे.

कोरा_फळा
तीन जोडतासिका करून बघितल्या. बारा-तेरा मिनिटं मी बोलते. मग एक उदाहरण, कोऱ्या पानावर, एकट्याने. मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, आणि फळ्यावर माझ्याऐवजी एक मूल येतं. "कळलं का?" बंद केलं, "पुढची पायरी लिहा" सुरू केलं. कोण अडलंय ते वह्यांवरून एक चक्कर मारताच दिसतं. उत्तरार्धात आवाज वाढलाय, पण तो भांडणाचा आहे : कुणाचं उत्तर बरोबर. रिफिली जागच्या जागी आहेत.

फुकट काही मिळालं नाही. तासाला दोन-तीन उदाहरणं कमी होतात आणि अभ्यासक्रम मागे पडतोय. ती घरी द्यावी लागतील.

सभेत सगळंच जुनं परत मागणार नाही. आठवड्याला एक जोडतासिका भूमितीच्या रचनांसाठी ठेवा, बाकी चार दिवस ४० मिनिटांची तासिका द्या, असं मांडते. मिनिटं तेवढीच राहतात, २४०.

आता नवी अडचण. चार-पाच जण उदाहरण दोन मिनिटांत संपवतात आणि उरलेल्यांना उत्तर सांगत सुटतात. त्यांना काय देऊ? आणखी उदाहरणं दिली की शिक्षा झाल्यासारखं तोंड करतात.

जुनी_घंटा
चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या. उत्तर चुकलेलं, चूक मध्ये कुठेतरी लपलेली. शोधा आणि असं का झालं असेल ते लिहा म्हणावं. आदल्या दिवशीच्या वह्यांतल्याच चुका उचला, फक्त अक्षर तुमचं असू द्या, म्हणजे कुणाची चूक ते कळायला नको.

कोरा_फळा
समीकरणांतल्या चिन्हांच्या चुकांचा तर माझ्याकडे साठाच आहे. उद्याच्या तासाला चार लिहून नेते.