सीईटीचे गणित : आपापले अनुभव लिहावेत

नाशिक, धागाकर्ती

माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत असून एमएचटी-सीईटीच्या (अभियांत्रिकी वगैरे प्रवेशासाठी राज्यात होणाऱ्या परीक्षेच्या) पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित, या गटाची तयारी करीत आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिला बरे जाते, मात्र सराव चाचण्यांमधील गणिताचे गुण गेल्या चार महिन्यांपासून १०० पैकी ४२ ते ४८ यांच्या पुढे सरकायला तयार नाहीत. या परीक्षेत गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण असतात, तर भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना प्रत्येकी १ गुण असतो. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताच्या हातात. हा हिशेब तिला आमच्यापेक्षा चांगला पाठ आहे आणि बहुधा त्याचेच ओझे तिला झाले आहे. रविवारी संध्याकाळी चाचणीचा निकाल मोबाइलवर येतो, तेव्हा ती फोनला हात लावत नाही. स्वयंपाकघरात येऊन, मी न सांगता, कोथिंबीर निवडत बसते.

सल्ले आम्हाला पुष्कळ मिळाले आहेत. ‘सूत्रे पाठ कर’ आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ ही दोन वाक्ये तर आता तिच्यासमोर उच्चारायचीही सोय राहिलेली नाही. म्हणून विनंती अशी की, सल्ला न देता स्वतःचे किंवा घरातल्या मुलांचे प्रत्यक्ष काय झाले ते लिहावे. गुण कशामुळे अडले होते, पुढे सुटले का, आणि सुटले नसतील तर मग काय केले, हे सगळे वाचायला मला आवडेल.

लातूर, सध्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात

ताई, माझेही गुण ५० च्या आसपास असेच गोठले होते. मला संकलन (इंटिग्रेशन) जमत नाही, अशी माझी ठाम समजूत होती, त्यामुळे डिसेंबर महिना मी फक्त संकलनाची उदाहरणे सोडवण्यात घालवला आणि जानेवारीच्या पहिल्या चाचणीत पुन्हा ५० च आले. त्यानंतर आमच्या सरांनी मागच्या सहा चाचण्यांचे पेपर माझ्यासमोर टाकले आणि चुकलेला व सुटलेला प्रत्येक प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायला सांगितला. दोन दिवस त्यात गेले. एका पेपरात माझे २५ प्रश्न गेले होते. त्यांपैकी खरोखर येतच नव्हते असे ६ निघाले, येत असूनही चुकलेले ८ निघाले आणि उरलेल्या ११ प्रश्नांपर्यंत मी पोहोचलोच नव्हतो.

त्या आठांमध्ये जे सापडले ते सांगायला आजही लाज वाटते. उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना मी आतल्या पहिल्या पदाचे चिन्ह बदलत असे आणि दुसऱ्याचे तसेच ठेवत असे. सहा पेपरांत मिळून ही एकच चूक मी नऊ वेळा केली होती. म्हणजे आठवीतली चूक बारावीत १८ गुणांना पडली, आणि मी खापर संकलनावर फोडत बसलो होतो. दोनशे पानी वही आणून मी डाव्या पानावर चूक जशीच्या तशी उतरवू लागलो आणि उजव्या पानावर ती ओळ कशी असायला हवी होती ते लिहू लागलो.

न पोहोचलेल्या ११ प्रश्नांचे कारण वेगळे होते. ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. मी रेषा आणि प्रतलाच्या एखाद्या प्रश्नावर सहा-सात मिनिटे अडून बसत असे, कारण तो सोडून पुढे जाणे मला हार मानल्यासारखे वाटायचे. हा हट्ट मात्र वहीने गेला नाही. तो थोडाफार अजूनही आहे. सहा आठवड्यांत गुण ६४ पर्यंत गेले, मग एकदा ५६ वर घसरले आणि प्रत्यक्ष परीक्षेत गणिताचा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे आहेत तो आकडा, ९३ च्या थोडा पुढे आला. मला हवे होते ते महाविद्यालय मिळाले नाही, पण हवी ती शाखा मिळाली.

नंदुरबार जिल्हा, मराठी माध्यमातून

माझा अनुभव गुणांपेक्षा भाषेचा आहे. दहावीला मला गणितात ९१ गुण होते आणि ते सगळे मराठीतून मिळवलेले होते. अकरावी विज्ञानाला धुळ्यात गेले आणि पहिल्या तासापासून गणित इंग्रजीतून सुरू झाले. मी पारिभाषिक शब्दांची यादी करून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली होती आणि तीत मीडियन म्हणजे मध्यक असे लिहिले होते. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढून त्याचा मीडियन काढायला सांगितला, तेव्हा मी तिन्ही बाजूंच्या लांबी चढत्या क्रमाने लावून मधली संख्या लिहिली. मराठीत सांख्यिकीचा मध्यक निराळा आणि त्रिकोणाची मध्यगा निराळी. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, हे मला कोण सांगणार होते? वर्ग हसला आणि त्यानंतर दोन महिने मी एकही शंका विचारली नाही.

‘नॉर्मल’ या शब्दाचेही तसेच झाले. वक्राच्या नॉर्मलचे समीकरण काढा, असे वाचले की मला त्याचा अर्थ ‘साधे समीकरण’ असा लागायचा. तो आपला अभिलंब आहे, हे दिवाळीच्या सुट्टीत दहावीचे जुने पुस्तक चाळताना आणि शेजारच्या ताईला विचारताना कळले. मी परीक्षा दिली त्या वर्षी सीईटीत भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतून घेता येत होते, गणिताची प्रश्नपत्रिका मात्र केवळ इंग्रजीत होती; ज्या विषयाला सर्वांत जास्त गुण, त्यातच ही सोय नव्हती. शेवटी मी यादी फाडून टाकली आणि शब्दाऐवजी आकृती असलेली नवी यादी केली. स्पर्शिका, जीवा, चढ, अभिलंब, मध्यगा, सगळ्यांची छोटी चित्रे आणि शेजारी इंग्रजी शब्द. सीईटीला मला गणितात बरे गुण मिळाले, पण अकरावीचे ते वर्ष मात्र मी गणितात कच्ची आहे असे समजण्यातच गेले.

सांगली, निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक

वरील मध्यगेचा प्रसंग वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण अशा वेळी हसणाऱ्या वर्गाला गप्प करणे हे माझेही काम होते आणि ते मी प्रत्येक वेळी केले, असे सांगता येणार नाही.

एकतीस वर्षांत पाहिलेली एक गोष्ट लिहितो. सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणजे गणिताचे १० प्रश्न आणि २० गुण. पालकांना वाटते की अकरावीचे नुकसान एवढेच. प्रत्यक्षात ते बारावीच्या ४० प्रश्नांतही झिरपते. ‘सर, संकलन येत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलाला मी साइन वर्ग एक्सचे संकलन करायला सांगत असे. तेथे कॉस दोन एक्सचे सूत्र वापरून वर्ग घालवावा लागतो आणि मुलगा नेमका तेथेच अडतो. पुढचे संकलन तो एका ओळीत करतो. त्याला संकलन येत असते, त्रिकोणमिती येत नसते. दहावीच्या धावपळीनंतर अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिची किंमत मुले अशी मोजतात, आणि महाविद्यालये हजेरी न घेता तिला हातभार लावतात, हे मी आता निवृत्त असल्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

दुसरे, क्लृप्त्यांविषयी. साइन एक्स भागिले (साइन एक्स अधिक कॉस एक्स) याचे संकलन, मर्यादा शून्य ते पाय छेद दोन, उत्तर पाय छेद चार, हे मुलांना झोपेतही येते. एकदा मी मर्यादा बदलून पाय छेद सहा ते पाय छेद तीन अशा दिल्या. उत्तर मर्यादांमधील अंतराच्या निम्मे, म्हणजे पाय छेद बारा. पर्यायांत मुद्दाम पाय छेद चारही ठेवले होते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी तेच टिपले आणि तेही मर्यादांकडे न पाहता.

पुणे, एका मुलाचे वडील

आमच्या काळी, म्हणजे १९९० च्या दशकात, अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे आणि भौतिक, रसायन व गणित मिळून ३०० पैकी किती, एवढाच प्रश्न घराघरांत विचारला जाई. मला एका गुणाने हवी ती शाखा मिळाली नाही. तो गुण लॉग टेबल वाचताना ओळ चुकल्यामुळे गेला, असे मी आजही सांगतो, पण खरे कारण असे की मी शेवटचे उदाहरण तपासायचे सोडून उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या मोजत बसलो होतो.

अकोला, २०२१ ची बॅच

त्या वर्षी करोनामुळे बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के अशा सूत्राने लागला. सीईटी सप्टेंबरपर्यंत लांबली. घरात एक मोबाइल आणि शिकणारी दोन भावंडे, त्यामुळे तास अर्धे तुझे अर्धे माझे असे वाटून घेतले होते. एवढे महिने हातात असूनही माझे गणित सुधारले नाही. उलट रोज तेच तेच सोडवल्यामुळे प्रश्न पाहताच उत्तर आठवू लागले आणि मी त्याला तयारी समजू लागलो.

एक व्यावहारिक बाब मात्र लिहून ठेवतो. संगणकावर पहिली ९० मिनिटे भौतिक आणि रसायनाची असतात आणि ती संपल्यावरच गणिताचा भाग उघडतो. घरी मी वर्षभर सकाळी ताज्या डोक्याने आधी गणित सोडवत होतो. परीक्षेत गणित समोर आले तेव्हा दीड तास उलटून गेला होता, डोळे चुरचुरत होते आणि पहिल्याच प्रश्नातील आव्यूहाचे (मॅट्रिक्सचे) अंक मी कच्च्या कागदावर चुकीचे उतरवून घेतले. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटी उरलेल्या प्रश्नांवर अंदाजाने टिचक्या मारल्या, त्यातले किती लागले देव जाणे.

ठाणे, जेईई दिलेल्या मुलाचे वडील

सीईटीत गुण कापत नाहीत, जेईई मेनमध्ये (एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत) कापतात, आणि आमच्या घरात सगळा गोंधळ तेथेच झाला. २०२५ च्या परीक्षेत गणिताचे २५ प्रश्न होते, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १. मुलाने १९ सोडवले, त्यांपैकी ८ बरोबर आले. बत्तीस वजा अकरा, एकवीस.

त्याआधीचे अधिक महत्त्वाचे आहे. शेजारचा मुलगा जेईईच्या शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात गेला म्हणून मी यालाही पाठवले. येथे मी भिंतीवर आलेखाचा कागद लावला होता आणि तो तेथून दर आठवड्याला फोनवर गुण सांगे, की मी लाल पेनाने ठिपका देऊन रेघ जोडत असे. दिवाळीला तो घरी आला, बूट काढायच्या आधी त्या कागदासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, यातले शेवटचे चार ठिपके मी खोटे सांगितले आहेत.” तो परत गेला नाही. येथेच राहून त्याने सीईटी दिली आणि आता तो ठाण्याहून रोज लोकलने महाविद्यालयात जातो. कागद मी काढला, पण चिकटपट्टीने रंगाचा पोपडा निघाला, तो तसाच आहे.

कोल्हापूर, डिप्लोमामार्गे

मी गणिताला घाबरून दहावीनंतर डिप्लोमाला गेलो आणि त्याच्या गुणांवर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला, त्यामुळे आयुष्यात सीईटी दिलीच नाही. फार हुशारी केली असे वाटत होते. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री (अभियांत्रिकी गणित-३) नावाचा विषय समोर येऊन बसला, आणि प्रथम वर्ष करून आलेल्या मुलांना जे संकलन हाताच्या मळासारखे होते त्याच्या जोरावर लाप्लास रूपांतर शिकवायला सुरुवात झाली. दोनदा केटी लागली, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहिला. तिसऱ्या खेपेला सुटलो, ते वसतिगृहातल्या एका मित्रामुळे. त्याने मला बारावीचे बालभारतीचे पुस्तक पहिल्या पानापासून करायला लावले.

नाशिक, धागाकर्ती

सर्वांचे आभार. लातूरच्या विद्यार्थ्याने लिहिले ते मी मुलीला वाचून दाखवले आणि तिने काही न बोलता मागच्या तीन चाचण्या काढल्या. ४४ गुणांच्या पेपरात तिचे २८ प्रश्न गेले होते. त्यांत न येणारे ७ होते, चुकलेले ५, आणि न पोहोचलेले तब्बल १६, कारण ती पहिल्या प्रश्नापासून ओळीने जाते आणि एकही सोडत नाही. न येणाऱ्या सातांपैकी चार अकरावीचे निघाले, त्यामुळे सांगलीच्या सरांचे म्हणणे आमच्या घरापुरते तरी खरे ठरले. आता ती गणिताचा सराव दुपारच्या दोन विषयांनंतरच करते.

आपले गुण येथे लिहिल्याबद्दल ती माझ्यावर रागावली आहे. धागा काढून टाकू का, असे विचारल्यावर नको म्हणाली, मात्र एक दुरुस्ती करायला सांगितली : सर्वांत कमी गुण ४२ नसून ३८ आहेत, आणि ती चाचणी तिने मला दाखवलीच नव्हती.