एफटीपीवर एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचं फोल्डर दिसतंय, कसं बंद करायचं?

प्रेसवाला:
नमस्कार मंडळी, आमची छपाईची प्रेस आहे, उबुंटू लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी (नेटवरून फायली घ्यायचा एफटीपी सर्व्हर) टाकलाय आणि गिऱ्हाईकं फाइलझिला या प्रोग्रॅमने पीडीएफ चढवतात. पण लॉगिन करून वरच्या फोल्डरात गेलं की बाकीच्यांची फोल्डरंपण दिसतात, हे मला अजिबात पटत नाही, लोक विश्वासाने फायली देतात. युजरला त्याच्याच फोल्डरात कोंडणारं (सीएचरूट) सीएचरूट_लोकल_युजर हे सेटिंग येस केलं तर लॉगिनच होईना, ५०० ऊप्स अशी एरर येते. शिवाय फाइल अर्धी चढलेली असतानाच ऑपरेटर उचलतो, त्याचं काय करायचं?

सर्व्हरकाका:
५०० ऊप्स येणारच, कारण २.३.५ व्हर्जनपासून युजरला ज्या फोल्डरात कोंडलंय त्यावर त्यालाच लिहायची परवानगी असेल तर सर्व्हर आत घेत नाही. नेटवर सगळे सांगतील अलाऊ_रायटेबल_सीएचरूट येस करा, कृपा करून करू नका, ते कुलूप काढून ठेवण्यासारखं आहे. गिऱ्हाईकाचं होम फोल्डर रूटच्या (लिनक्सचा मुख्य अ‍ॅडमिन युजर) मालकीचं करा, परवानगी ७५५ (मालकाला लिहायची, बाकीच्यांना फक्त वाचायची), आत 'अपलोड' नावाचं फोल्डर काढून ते गिऱ्हाईकाच्या नावावर करा. झालं.

प्रेसवाला:
काका झालं लॉगिन, शेजारचं काही दिसत नाही आता, खूप आभार. पण ऑपरेटरला फाइल उघडेना, परमिशन डिनाइड म्हणतंय.

रात्रपाळी:
युमास्क बघा, म्हणजे नवीन फाइलवरून कोणत्या परवानग्या काढायच्या ते सेटिंग. व्हीएसएफटीपीडीचा लोकल_युमास्क मुळात ०७७ असतो, म्हणजे फाइलची परवानगी ६०० होते आणि मालक सोडून कोणीच वाचू शकत नाही. तो ०२७ करा, अपलोड फोल्डरचा ग्रुप 'प्रेस' ठेवून परवानगी २७५० द्या, त्या पुढच्या २ मुळे नवीन फाइल आपोआप प्रेस ग्रुपची होते, ऑपरेटर त्या ग्रुपमध्ये असला की बास. सगळ्यांना सगळं खुलं करणाऱ्या ७७७ च्या वाटेला जाऊ नका. जुन्या फायलींची परवानगी तेवढी हाताने बदलावी लागेल.
अर्ध्या फाइलचं म्हणाल तर एक्सफरलॉग (चढवलेल्या-उतरवलेल्या फायलींची नोंदवही) स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये चालू करा, ओळीच्या शेवटी सी असेल तर फाइल पूर्ण, आय असेल तर अर्धवट. छोटी स्क्रिप्ट लावून सी वाल्याच फायली छपाईच्या फोल्डरात हलवा. प्रोएफटीपीडी या दुसऱ्या एफटीपी सर्व्हरमध्ये हिडनस्टोअर्स नावाचं सेटिंग आहे, ते चढताना फाइल लपवलेल्या नावाने ठेवतो आणि पूर्ण झाली की खरं नाव देतो.

सर्व्हरकाका:
आणि साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो बरं का, टीएलएस (एन्क्रिप्शन) लावा नाहीतर सरळ एसएफटीपीवर (एसएसएचवरून सुरक्षितपणे फायली पाठवायची पद्धत) या. फाइलझिला चालतो, एक २२ नंबरचा पोर्ट पुरतो, आणि सीएचरूटला फोल्डर रूटच्याच मालकीचं लागतं, म्हणजे आत्ता केलेली मांडणी तशीच वापरता येईल.