सात दिवस फाटकाच्या आत: हे जमैका पाहणं झालं का?

निवांत_एडिसन
फेब्रुवारीत आम्ही दोघं जमैकाला जाऊन आलो. अमेरिकेतल्या न्यूअर्कहून चार तासांचं विमान, मॉन्टेगो बेला उतरलो, तिथून रिसॉर्टची गाडी. मनगटाला पट्टी बांधली की जेवण, पेयं, कयाक, रात्रीचं गाणंबजावणं, सगळं त्यातच. सात रात्री राहिलो. विमानतळाचा रस्ता सोडला तर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही.

परत आल्यावर मित्रमंडळींत वाद झाला. "मग जमैका पाहिलं काय तुम्ही?" मला हे पटत नाही. लग्नाला 23 वर्षं झाली. गेलं दीड वर्ष सासऱ्यांचं आजारपण, लेकीचं कॉलेज, ह्याची रात्रपाळी. ओट्याशी उभ्याउभ्या जेवायची सवय लागली होती. तिथे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आम्ही तासभर समोरासमोर बसून जेवतोय आणि कोणालाच उठायचं नाहीये. सकाळी सातच्या आत गुडघाभर पाण्यात उभे राहायचो. पायाची बोटं स्वच्छ दिसायची. ह्याने कितीतरी दिवसांनी त्याच्या लहानपणाबद्दल काही सांगितलं.

दमलेल्या माणसांनी प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन पळायलाच हवं का? स्पष्ट बोला.

मालवणची_लेक
ताई, विश्रांतीबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: ती वाळू कोणाची?

जमैका 1962 साली स्वतंत्र झाला, पण त्याआधीचा, इंग्रजांच्या अमदानीतला 1956 चा बीच कंट्रोल अ‍ॅक्ट अजून चालू आहे. त्यानुसार किनारा सरकारचा, आणि समुद्रात उतरण्याचा सरसकट हक्क जनतेला नाही. हॉटेलं परवाना घेतात, कुंपण घालतात. मॅमी बे, लिटिल डन्स रिव्हर अशा ठिकाणांसाठी तिथले लोक कोर्टात भांडताहेत. त्यांत मासेमारी करणारेही आहेत.

मी तारकर्लीजवळची. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी किनाऱ्यावर उतरते. उद्या कोणी "पट्टी नाही तर वाळू नाही" म्हणालं तर आजोबांना काय सांगू? तुम्हाला जी शांतता मिळाली, त्यातली थोडी तरी कुंपणामुळे मिळाली. ते मनाला लागायला हवं.

डोंबिवली_टोरोंटो
मालवणच्या ताई, दुसरी बाजूही बघा. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळलं, पाचव्या श्रेणीचं. ब्लॅक रिव्हर हे गाव उद्ध्वस्त झालं. हॉटेलं बंद पडली. आम्ही जानेवारीत गेलो, तेव्हा खोली आवरणाऱ्या बाई सांगत होत्या की घरावर अजून ताडपत्रीच आहे, आणि हॉटेल उघडलं म्हणून पगार सुरू झाला. कोणी आलंच नसतं तर? फाटकाच्या आत बसून खर्च केलेल्या पैशानेही चूल पेटते.

मालवणची_लेक
चूल पेटावीच. पण त्याच बाईंच्या मुलांना रविवारी त्या पाण्यात पोहता आलं तर पगार कमी होतो का?

रिव्हर्स_स्वीप
मी थेट विरोधात. जमैकाला जाऊन राजधानी किंग्स्टन टाळायचं? मराठी माणसाने?

1971 चा भारताचा वेस्ट इंडीज दौरा, पहिली कसोटी, किंग्स्टनचं सबायना पार्क मैदान. पहिला दिवस पावसात वाहून गेला. आपले 5 बाद 75. तिथून मडगावचे दिलीप सरदेसाई उभे राहिले ते 212 करूनच, साथीला एकनाथ सोलकर. एकूण 387. मग वेस्ट इंडीज 217 मध्ये गारद. सामना चारच दिवसांचा उरल्यामुळे फॉलोऑनला 150 ची आघाडी पुरेशी होती. अजित वाडेकरांनी तो नियम ध्यानात ठेवला आणि त्यांचे कर्णधार सोबर्स यांना सांगितलं, पुन्हा खेळायला या. सामना अनिर्णित राहिला, पण ती मालिका आपण जिंकली, वेस्ट इंडीजमधली पहिली.

मॉन्टेगो बेहून नट्सफर्ड एक्सप्रेसची बस आहे. पहाटेची पकडली तर दुपारच्या आत तुम्ही मैदानाच्या दारात. मी तिथे नुसता उभा राहिलो तरी अंगावर काटा आला. बाबा रेडिओवर ऐकलेलं सांगायचे, ती जागा ही.

भाजीभाकरी
क्रिकेट राहू द्या, पोटाचं बघा. आम्ही दोघं शाकाहारी. रिसॉर्टच्या बुफेत चार दिवस पास्ता खाऊन कंटाळलो, मग नेग्रिलच्या रस्त्याकडेला रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) माणसाची टपरी सापडली. ते लोक आपल्या जेवणाला 'आयटल' म्हणतात, बहुतेक मांसाहार नाहीच, मीठही बेताचं. राजमा घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि कॅलालू. पहिल्या घासाला बायको म्हणाली, "अहो, हा माठ!" खरंच, तिथला कॅलालू म्हणजे माठाच्याच कुळातली पालेभाजी.

शिवाय 1845 पासून कलकत्त्याहून हजारो मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले. मटण करी आणि रोटी त्यांच्यामुळे जमैकन झाली. हे फाटकाच्या आत कोण सांगणार?

निवांत_एडिसन
माठाचं वाचून गलबललं. नाश्त्याला रोज ती भाजी असायची. मी रोज घेतली आणि वाढणाऱ्या मुलीला एकदाही नाव विचारलं नाही. ते चुकलंच.

पण बाकीचं मी मागे घेणार नाही. रिव्हर्स_स्वीप, तुम्ही उत्साहाने गेलात. आम्ही जाताना विमानात एक शब्द न बोलता झोपलो होतो. त्या अवस्थेत पहाटेची बस? परत जाऊ तेव्हा एक दिवस बाहेरचा ठेवीन. सहा दिवस मात्र आमचे दोघांचे.

मालवणची_लेक
जा, जरूर जा. लाल नंबरप्लेटची रूट टॅक्सी घ्या, आपल्या वडापसारखीच, ठरलेलं भाडं, दाटीवाटीने बसायचं. मॉन्टेगो बे शहरातच हार्मनी बीच पार्क आहे, सगळ्यांसाठी खुलं. आणि बुकिंगआधी हॉटेलला फोन करून विचारा, गावातल्या माणसाला तुमच्या वाळूवर येता येतं का. काय उत्तर येतं ते इथे लिहा.