मदत हवी आहे: 'हेलब्लेझर'चे पुढचे कुठले अंक घेऊ?

नमस्कार मंडळी. जॉन कॉन्स्टंटाइन या मांत्रिकाच्या 'हेलब्लेझर' या इंग्रजी कॉमिक्स मालिकेबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. १९८८ ते २०१३ मिळून ३०० अंक, सगळे विकत घेणं परवडणारं नाही.

लेखक जेमी डेलानोचे सुरुवातीचे अंक वाचून हादरले. पहिल्याच कथेत भुकेच्या राक्षसाला कोंडायला जॉन आपल्याच मित्राचा, गॅरी लेस्टरचा, बळी देतो. मग ११व्या अंकात न्यूकॅसल शहरातली कथा! अ‍ॅस्ट्रा नावाच्या लहान पोरीला वाचवायला सैतान बोलावतो, आणि तोच तिला नरकात ओढून नेतो. जॉनकडे उरतो फक्त तिचा तुटलेला हात. ते पान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. गार्थ एनिसची कर्करोगाची कथाही (४१ ते ४६) वाचून झाली.

आता मला ते अंक हवेत जिथे जुनी पापं त्याच्या मानगुटीवर बसतात. नुसती सैतानांशी मारामारी नको. कुठले संग्रह घेऊ? पुण्यात वापरलेले खंड कुठे मिळतील? आणि हात असे बरबटलेला मांत्रिक नायक मराठीत कुणी लिहिला असेल तर तेही नक्की सांगा.