विधानसभेचा अध्यक्ष दोनदा मत देऊ शकतो का? आणि पक्षाचाच माणूस असून निःपक्ष कसा राहतो?

कोरेगाव_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. आमच्या गावच्या विकास सोसायटीत गोडाऊन भाड्याने द्यायच्या ठरावावर मतदान झालं, सहा-सहा असं बरोबरीत आलं, आणि त्या सहात चेअरमनचं मत आधीच मोजलेलं होतं. मग चेअरमन म्हणाले आता माझं निर्णायक मत, परत हात वर केला, ठराव मंजूर! विरोधातले सहाही जण उठले की एका माणसाला दोन मतं कशी काय, तर सेक्रेटरी म्हणतोय विधानसभेत पण अध्यक्ष असंच करतात, कायदा आहे. रात्री पारावर यावरनंच वाद. खरं काय आहे?

आणि लगेच दुसरं पण विचारून घेतो. नवीन अध्यक्ष निवडला की मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेता दोघं मिळून त्याला खुर्चीपर्यंत नेतात, गोडगोड भाषणं करतात, आणि आठवड्याभरात तेच विरोधक त्याच्या नावानं बोंबलत पायऱ्यांवर बसलेले असतात. मग हे सगळं कशापायी?

मिरज_जंक्शन
सेक्रेटरींचं अर्धंच बरोबर. सहकारी संस्थेत सभासद म्हणून एक मत आणि समान झाली तर निर्णायक मत, हे चेअरमनला कायद्यानंच दिलंय, त्यामुळं तुमच्या चेअरमननी चुकीचं काही केलं नाही, पटो न पटो. पण विधानसभेत तसं नाही. तिथं अध्यक्षाला पहिलं मतच नसतं. घटनेचं कलम १८९ बघा, लोकसभेसाठी कलम १००. मतं समसमान झाली तरच तो मत देणार, आणि ते एकच.

याचा अर्थ काय होतो ते १९९९ साली दिसलं. १७ एप्रिलला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. सगळ्यांना गिरीधर गमांग आठवतात, कारण ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी सोडली नव्हती आणि येऊन मत देऊन गेले. पण खुर्चीवर कोण होतं? जी. एम. सी. बालयोगी, तेलुगू देसमचे, आणि तेलुगू देसम सरकारच्या बाजूनं होता. म्हणजे बालयोगी खाली बाकावर साधे खासदार म्हणून बसले असते तर हिशेब तुम्हीच करा. वर बसले म्हणून त्यांच्या पक्षाचं एक मत कमी झालं, आणि बरोबरी झालीच नाही म्हणून निर्णायक मताचा प्रश्नच आला नाही. गमांग यांना मत देऊ द्यायचं का हे पण त्यांच्याच समोर आलं होतं, त्यांनी ते गमांग यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलं. यावर आजपण भांडणं होतात ती वेगळी.

आणि बरोबरी झालीच तर मत कसं द्यायचं याचा इंग्लंडात जुना रिवाज आहे. चर्चा पुढं चालू राहील असं द्यायचं, आणि शेवटचा निर्णय असेल तर आहे ते तसंच ठेवायचं. म्हणजे बहुमत नसताना नवीन गोष्ट एकट्या अध्यक्षाच्या मतानं मंजूर व्हायची नाही. त्या हिशेबानं गोडाऊनचा ठराव पडला असता बघा 😄

पाटणवाट
कोरेगाववाले विचारतात म्हणून आधी सांगतो, तुमच्याच तालुक्याचे शंकरराव जगताप १९८५ ते ९० विधानसभेचे अध्यक्ष होते की. आणि आमचे बाळासाहेब देसाई १९७७-७८ ला. गृहमंत्री म्हणून त्यांचा दरारा सगळ्यांना माहिताय, अध्यक्षपद फार जणांच्या ध्यानात नसतं.

वरच्या सभागृहात तर आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांचीच खुर्ची म्हणायची. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे १९६० ते १९७८ एवढा काळ विधानपरिषदेचे सभापती. नंतर कोकरूडचे शिवाजीराव देशमुख, आणि २०१५ ला त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, राष्ट्रवादी आणि भाजप एका बाजूला, देशमुखांना जावं लागलं, आणि आले कोण तर फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर. सांगलीकडनं थेट साताऱ्याकडं 🙂 तेव्हा लोक म्हणत होते की सभापतींवर असं कुणी करतं का. पण घटनेत ती सोय आहे, चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, सभागृहातल्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत पाहिजे नुसतं हजर असलेल्यांचं चालत नाही, आणि त्या ठरावावर चर्चा चालू असताना त्या माणसानं खुर्चीवर बसायचं नाही.

लोकसभेत पहिल्याच अध्यक्षांवर, मावळंकरांवर, १९५४ साली ठराव आला होता. फेटाळला गेला.

आटपाडी_दुष्काळी
कलमं सगळी पाठ आहेत लोकांची 🙏 पण खरी गोची दहाव्या परिशिष्टात आहे. १९८५ ला पक्षांतरबंदी आणली आणि आमदार अपात्र ठरवायचं काम अध्यक्षाच्या गळ्यात टाकलं. म्हणजे नुसता सभा चालवणारा माणूस एकदम न्यायाधीश झाला, आणि तो पण स्वतःच्या पक्षाच्या भांडणात. जून २०२२ ला शिवसेनेत फूट पडली, अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या तेव्हा खुर्चीवर उपाध्यक्ष झिरवाळ, कारण अध्यक्ष नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ ला राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामंच पडलेलं. आता झिरवाळांवरच पदावरून काढायची नोटीस दिली गेली, आणि सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा निकाल असा की स्वतःवर अशी नोटीस असताना अध्यक्षानं अपात्रतेचा निर्णय घेऊ नये. म्हणजे पिच्चरच अडकला. जुलैत राहुल नार्वेकर अध्यक्ष म्हणून आले, कोर्टानं मे २०२३ ला सांगितलं वाजवी वेळेत निकाल द्या, आणि निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र नाही! दीड वर्ष गेलं. मी कुठल्या गटाचा नाही, पण हे काम एकट्या अध्यक्षाकडं नकोच असं माझं स्पष्ट मत आहे, कोणत्या पण पक्षाचा असो.

इंग्लंडचं कौतुक सगळे करतात की तिथं अध्यक्ष झाला की पक्ष सोडतो आणि मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. आपल्याकडं १९६७ ला लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डींनी काँग्रेस सोडली होती. २००८ ला लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जींना त्यांच्या माकपनं सांगितलं राजीनामा द्या, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाची गडबड होती, ते म्हणाले नाही देत, पक्षानं काढून टाकलं. मग सांगा कोण करेल ते धाडस? पुढच्या इलेक्शनला तिकीट त्याच पक्षाकडं मागायचंय ना. शिवाय टेंभू उपसा योजनेचं पाणी आमच्या तलावात कधी येणार हा प्रश्न अध्यक्ष सभागृहात विचारू शकत नाही, लक्षवेधी सूचना (मंत्र्याचं लक्ष वेधायची) लावू शकत नाही. मतदारसंघातला माणूस म्हणणार, तुम्ही खुर्चीवर बसून आम्हाला काय दिलं.

पाटणवाट
@आटपाडी, हे शेवटचं मात्र मला पटलं नाही बरं का. पागेंचंच घ्या की. सभापती असतानाच रोजगार हमीची कल्पना त्यांनी मांडली, तीच पुढं कायदा झाली. गावात दुष्काळाचं काम कसं निघंल याचा विचार करायला बाकावरच बसलं पाहिजे असं कुठंय. तुमचा नेता करत नसेल तर खुर्चीला कशाला दोष.

आटपाडी_दुष्काळी
तसे पागे आता आणायचे कुठनं लका.

वाई_ची_मुलगी
मी परीक्षेचा अभ्यास करते त्यामुळे पुस्तकातलं माहीत होतं, पण आमदारांच्या पासवर एकदा गॅलरीत बसून कामकाज बघितलं आणि बऱ्याच गोष्टी तिथेच समजल्या. अध्यक्ष आत आले की सगळे उभे. कुणी आत-बाहेर करताना खुर्चीकडे बघून मान झुकवतं. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून आडवं जायचं नाही, वाकून मागून जायचं. आणि समोरच्याला थेट बोलायचंच नाही! दोघं एकमेकांवर इतके तापलेले की काही विचारू नका, तरी प्रत्येक वाक्य "अध्यक्ष महाराज, माननीय सदस्य म्हणतात ते..." असंच. एका क्षणी अध्यक्ष स्वतः उठून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि बरेचसे आपोआप खाली बसले, कारण ते उभे असताना दुसऱ्याने उभं राहायचं नसतं. तीन-चार जण बसले नाहीत, ते वेलमध्ये, म्हणजे खुर्चीसमोरच्या मोकळ्या जागेत गेले 😅 समोर राजदंड असतो, तो पळवायची पण आपल्याकडे परंपराच झालीये, मार्शल लोकांचा अर्धा जीव त्यातच.

@कोरेगाव_एक्सप्रेस, दोघांनी मिळून खुर्चीपर्यंत नेण्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे पूर्वी सभागृहाचं म्हणणं राजाला जाऊन सांगायचं काम स्पीकरचं, राजा भडकला की संकट याच्यावर, म्हणून निवडून आलेला माणूस नको नको म्हणायचा आणि बाकीचे त्याला ओढत न्यायचे. १६४२ ला चार्ल्स राजा पाच सदस्यांना पकडायला स्वतः सभागृहात घुसला तेव्हा स्पीकर लेंथॉलने गुडघे टेकले, पण सभागृह सांगेल तेवढंच मी बघतो आणि बोलतो असं म्हणून ते पाच जण कुठे आहेत हे सांगायला नकार दिला. विरोधी पक्षनेता बरोबर असतो तो त्यासाठीच ना, की तू आता आमचाही आहेस, उद्या सत्तेतल्या कुणी डोळे वटारले तर आमच्या बाजूनेही उभा राहायचंस. म्हणून मला ते नाटक वाटत नाही. उलट बोंबलायचा हक्क तिथूनच मिळतो.

कोरेगाव_एक्सप्रेस
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ते उभं राहिलं की बाकीच्यांनी बसायचं हे आमच्या वार्षिक सभेत चालू केलं पाहिजे, फक्त आमचे चेअरमन सुरुवातीपासनं शेवटपर्यंत उभेच असतात. एक शेवटचं, अध्यक्षानं राजीनामा कुणाकडं द्यायचा? राज्यपाल?

मिरज_जंक्शन
नाही, उपाध्यक्षाकडं. उपाध्यक्षानं अध्यक्षाकडं. पटोलेंनी झिरवाळांकडंच दिला होता. सभागृहाचा माणूस आहे म्हणून सभागृहातच द्यायचा, राज्यपाल राष्ट्रपतींचा संबंध नाही.

आटपाडी_दुष्काळी
आणि उपाध्यक्षच नसला तर? २०१९ ते २४ लोकसभेला पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्ष नव्हता. रिवाजानं ते पद विरोधकांना द्यायचं असतं, पण निवडणूकच लावली नाही.

मिरज_जंक्शन
कलम ९३ मध्ये "शक्य तितक्या लवकर" निवडा असं लिहिलंय, तारीख घातलेली नाही. तिथंच सगळं अडतंय.