बाबांना स्ट्रोक: हातपाय सुधारताहेत, पण उमेद खचली आहे. घरच्यांनी काय करावं?

मृण्मयी_१२
बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौथा महिना सुरू आहे. उजवी बाजू गेली होती. आता आधाराने चालतात, हात मात्र अजून फारसा साथ देत नाही. आपण बोललेलं बहुतेक कळतं, पण त्यांना शब्द सापडत नाहीत. फिजिओ नियमित येतात. अडचण वेगळीच आहे. बाबा व्यायामाला उठतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घेतात. आई घास भरवण्यापासून बटणं लावण्यापर्यंत सगळं करते आणि रात्री एकटीच रडते. औषधांचं डॉक्टर सांगतात, घरच्यांनी कसं वागायचं ते कुणी सांगत नाही. ज्यांनी हे निभावलं आहे त्यांनी कृपया लिहा.

फिजिओ_अनघा
मृण्मयी, मी अशाच रुग्णांबरोबर काम करते. आधी उदासीबद्दल. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. हा हट्ट नाही आणि आळस तर नाहीच. मेंदूला झालेली इजा आणि हातातून गेलेलं आयुष्य, दोन्हीचा तो परिणाम असतो. डॉक्टरांना 'व्यायाम करत नाहीत' एवढंच सांगू नका. झोप, भूक, रडणं, गप्प बसणं, सगळं सांगा. त्यावर उपचार आहेत. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने हातपाय लवकर सुधारतात असं कुणी सांगेल. २०११ च्या फ्लेम चाचणीने तशी आशा दाखवली होती, पण २०१८ च्या बऱ्याच मोठ्या फोकस चाचणीत तो फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नैराश्यासाठी डॉक्टरांनी दिलं तर जरूर घ्या, ताकदीसाठी नको.

आता बटणं. आई मायेनेच करतात, पण त्यातून नुकसान होतं. हाताने प्रयत्न केला, जमलं नाही, दुसऱ्या कुणी करून दिलं, असं रोज होत राहिलं की ताकद थोडी परतली तरी हात वापरायचा राहूनच जातो. एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. चांगला हात अडकवून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घेण्याची पद्धत त्यातूनच आली. ती सगळ्यांना चालत नाही, मनाने सुरू करू नका. घरी एवढं करा: शर्ट घालताना कमजोर हात आधी बाहीत, चांगला नंतर. वरची बटणं आईंनी लावावीत, शेवटचं बाबांसाठी ठेवावं. कितीही वेळ लागला तरी मधे हात घालायचा नाही. आणि उठवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळायची भीती असते.

परतवाट
मला स्वतःला स्ट्रोक होऊन गेला आहे. डोळे मिटून घेणं मला अगदी कळतं. तीन माणसं एकदम बोलू लागली की नुसता गलबला ऐकू यायचा. लोक मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. मला ऐकू नीट येत होतं, उत्तर सापडायला वेळ लागत होता. एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा प्रश्न, आणि मग थांबायचं. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. थकवाही भयंकर असतो, झोपूनसुद्धा जात नाही. भेटी थोडा वेळच ठेवा.

मला उभं केलं ते कामाने. घरचा हिशेब मी पाहायचो. मुलाने वही पुढे ठेवली आणि म्हणाला, "चुकलंय तिथे बोट ठेवा." त्याने मुद्दाम चूक केली नव्हती, खरोखरच चुकली होती, आणि ती मी पकडली. बाबांचं घरात कोणतं काम होतं? त्यातला एक तुकडा तरी त्यांना परत द्या.

सुनीता_ज
आईंबद्दलही लिहायला हवं. मी नवऱ्याचं सगळं केलं आहे. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या नातेवाईकांना ठरलेला वार आणि ठरलेली वेळ द्या, म्हणजे येतात. त्या वेळात आईंना घराबाहेर पाठवा, औषधं आणायला नव्हे. त्यांचं रडणं असंच चालू राहिलं तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या.

मृण्मयी_१२
सगळ्यांचे मनापासून आभार. घरातली पत्रं आणि बिलं बाबाच पाहायचे, तिथून सुरू करते. दोन शंका आहेत. त्यांचे बुद्धिबळाचे मित्र येऊ का विचारताहेत, बोलवू? आणि सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते हे खरं का?

फिजिओ_अनघा
एकाच मित्राला बोलवा, बाबांना आधी विचारून. पट मांडून बसू दे, तब्येतीची चौकशी नको. बुद्धिबळाला शब्द लागत नाहीत. डाव अर्धा राहिला तरी चालेल.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पण सहा महिन्यांवर दार बंद होत नाही. चांगला हात अडकवून ठेवण्याच्या, वर सांगितलेल्या पद्धतीच्या एक्साइट चाचणीत स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिने झालेले लोक होते, आणि त्यांचा हात सुधारला. बोलणंही पुढे बराच काळ सुधारू शकतं, स्पीच थेरपी सुरू नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा.